कठडा आधी हवा होता

दर वर्षी १५ सप्टेंबरला, अभियंतादिनी, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार घातला जातो, तेव्हा मला नगरचे आमचे घर बांधतानाचा एक दिवस आठवतो. स्लॅबच्या कडेवरून एक बिगारी खाली पडला आणि जागीच गेला. त्याचा पाय घसरला, असे सगळे म्हणाले. पण नकाशाप्रमाणे कठडा सर्वांत शेवटी बांधायचा होता, आणि त्या नकाशाला मीही मान डोलावली होती.

विश्वेश्वरय्या मूळचे म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर वारले. शिकवण्या करत बंगळूरला बी. ए. झाले, पुण्यात अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. उमेदीची वर्षे नाशिक, खानदेश, पुणे अशी आपल्याच मुलखात गेली.

खडकवासल्याला पावसाळ्यात सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाया जाई. धरणाची भिंत न वाढवता १९०३ साली त्यांनी तिथे स्वयंचलित दारे बसवली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की ती आपोआप उघडत, पूर ओसरला की मिटत. हेतू जादा पाणी साठवण्याचा होता. मजुरांचा जीव वाचवण्याचा होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण भर पुरात, काळोखात सांडव्यावर जाऊन दार उचलण्याची पाळी कुणावर येऊ नये, हेही त्यातच साधले. पुढे कृष्णराजसागरावरही अशी दारे आली.

१९०८ साली मुसा नदीच्या पुराने हैदराबादेत हजारो माणसे बुडाली. निजाम सरकारने त्यांना बोलावले. शहरातल्या माणसांनी सावध राहावे, एवढ्यावर ते थांबले नाहीत. पूर शहराच्या वरच अडवावा म्हणून त्यांनी दोन जलाशय सुचवले. उस्मानसागर आणि हिमायतसागर ते हेच. १९१२ ते १९१८ ते म्हैसूरचे दिवाण होते. १९५५ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली, शंभरी ओलांडून, ते गेले.

माणूस चुकणारच, हे धरून आखणी करावी, हे मी त्यांच्या चरित्रातून फार उशिरा शिकलो. नंतर वरचा मजला चढवला, तेव्हा कठड्याचे नळ रोवण्याची भोके स्लॅब भरतानाच ठेवून घेतली. परांची सोडण्याआधी कठडा उभा होता. खर्च किरकोळच आला. पहिल्या वेळीही तेवढाच आला असता.