डू बॉइस : समाजशास्त्राने उशिरा मान्य केलेला संस्थापक

समाजशास्त्राच्या वर्गात सुरुवातीला ठरलेली नावे येतात. या शास्त्राला नाव देणारे फ्रान्सचे ऑगस्ट कॉम्त, इंग्लंडचे हर्बर्ट स्पेन्सर, मग मार्क्स, दुर्खीम आणि वेबर. अमेरिकेची पाळी आली की शिकागो विद्यापीठ. आम्हीही एम.ए.ला हाच क्रम पाठ केला. त्यात विल्यम एडवर्ड बर्गहार्ट डू बॉइस हे नाव नव्हते. अमेरिकेत प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले समाजशास्त्र उभे करणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकी ते एक होते. ते कृष्णवर्णीय होते. हे नाव अभ्यासक्रमात का नव्हते, ते त्यांचे आयुष्य पाहिले की कळते.

डू बॉइस यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६८ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्रेट बॅरिंग्टन या छोट्या गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीनच वर्षे झाली होती. वडील लहानपणीच घर सोडून गेले. आईने कष्टाने वाढवले. गावातील चर्चनी वर्गणी काढून या हुशार मुलाला टेनेसीतील फिस्क विद्यापीठात पाठवले. दक्षिणेतला उघड वर्णद्वेष त्यांनी तिथे जवळून पाहिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते खेड्यांतील कृष्णवर्णीय मुलांना शिकवत.

पुढे हार्वर्ड आणि १८९२ ते १८९४ बर्लिन. बर्लिनमध्ये गुस्ताव श्मोलर यांच्याकडून त्यांनी एक गोष्ट घेतली: आधी तथ्ये गोळा करा, सिद्धांत मागाहून मांडा. शिष्यवृत्ती पुढे न मिळाल्याने बर्लिनची डॉक्टरेट हुकली. १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले.

त्या काळची हवा समजून घेतली पाहिजे. स्पेन्सरच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. जे टिकतात ते लायक, जे मागे राहतात ते नालायक, असे शास्त्राच्या नावाने सांगितले जात होते. विमा कंपनीतील संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी १८९६ मध्ये आकडेवारीचा ग्रंथ काढला. कृष्णवर्णीयांचे मृत्यूप्रमाण जास्त आहे, त्याचे मूळ त्यांच्या वंशातच आहे, असा त्यांचा दावा होता. डू बॉइस यांनी परीक्षण लिहून या दाव्यातील चुका दाखवल्या. युरोपातील काही शहरांत गोऱ्या लोकांचे मृत्यूप्रमाणही तितकेच मोठे होते. मग दोष वंशाचा कसा?

त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना फिलाडेल्फियातील सातव्या वॉर्डाच्या अभ्यासाचे काम दिले. शहरातील कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती तिथे होती. पद सहायकाचे होते, शिकवण्याचा अधिकार नव्हता. डू बॉइस त्याच वस्तीत राहायला गेले. सुमारे अडीच हजार कुटुंबांच्या घरी ते स्वतः गेले. वय, जन्मस्थान, शिक्षण, काम, मिळकत, घरभाडे अशी माहिती त्यांनी प्रश्नावल्यांतून जमवली आणि वॉर्डाचा घरवार नकाशा तयार केला.

१८९९ मध्ये हा अभ्यास ‘द फिलाडेल्फिया निग्रो’ या नावाने ग्रंथरूपाने आला. (‘निग्रो’ हा त्या काळचा रूढ शब्द, आज तो वापरत नाहीत.) वस्तीतील गरिबी आणि गुन्हेगारी ही रक्तातून आलेली नाही, गुलामगिरीचा वारसा, कामधंद्यातील बंदी आणि महागडी पण वाईट घरे यांतून ती घडते, हे त्यांनी पुराव्याने दाखवले. कारागिरीच्या कामांत कामगार संघटना कृष्णवर्णीयांना घेत नव्हत्या. शिकलेल्या तरुणालाही घरगड्याचेच काम मिळे. वस्ती एकजिनसी नाही, तिच्यातही वर्ग आहेत, हेही त्यांनी नोंदवले. सर्वांत गरीब थराविषयी लिहिताना मात्र त्यांचा सूर उपदेशाचा होतो, अशी टीका पुढच्या अभ्यासकांनी केली आहे आणि ती रास्त आहे.

१८९७ पासून ते अटलांटा विद्यापीठात होते. तिथे दरवर्षी एक विषय घेऊन कृष्णवर्णीय समाजाचा अभ्यास होई: आरोग्य, व्यवसाय, शाळा, चर्च. पैसा तुटपुंजा होता. माजी विद्यार्थी आणि कार्यकर्ते माहिती गोळा करत. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी हाताने काढलेले रंगीत आलेख मांडले. १९०६ मध्ये मॅक्स वेबर यांच्या जर्मन नियतकालिकात त्यांचा लेख आला. म्हणजे जगाला त्यांचे काम माहीत होते. तरीही गोऱ्या विद्यापीठांत त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली नाही.

१८९९ मध्ये जॉर्जियात सॅम होज या कृष्णवर्णीय मजुराला जमावाने जाळून मारले. त्याच्या बोटांची हाडे अटलांटातील दुकानात मांडली आहेत, हे डू बॉइस यांना समजले. माणसे अशी मारली जात असताना फक्त आकडे मांडत बसणे त्यांना अपुरे वाटू लागले. १९०३ मध्ये ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ आले. सतत दुसऱ्याच्या तुच्छ नजरेतून स्वतःकडे पाहावे लागणे, हा दुहेरी जाणिवेचा सिद्धांत त्यात आहे. वसतिगृहात किंवा ऑफिसात आडनाव सांगताना क्षणभर थांबणाऱ्या आपल्या मुलांना तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. राजकीय हक्क बाजूला ठेवून फक्त कामधंद्याचे शिक्षण घ्या, या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या मार्गालाही त्यांनी याच पुस्तकात विरोध केला. १९०९ मध्ये एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या स्थापनेत ते होते. १९१० ते १९३४ त्यांनी तिचे ‘द क्रायसिस’ हे मासिक चालवले.

१९३५ च्या ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’मध्ये त्यांनी विचारले, गरीब गोरा मजूर कृष्णवर्णीय मजुराच्या बाजूने का उभा राहिला नाही? उत्तर असे की, मजुरी कमी मिळाली तरी गोरेपणाची प्रतिष्ठा त्याला मिळत होती. बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल मांडलेला विचार इथे आठवतो. प्रत्येकाच्या खाली कुणीतरी असल्यामुळे सगळे एकत्र येत नाहीत.

या दोघांचा पत्रव्यवहारही झाला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाची प्रत बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहून डू बॉइस यांच्याकडे मागितली. अस्पृश्यांचा प्रश्नही तिथे नेण्याचा विचार त्यामागे होता. डू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. पुढच्याच वर्षी एन.ए.ए.सी.पी.ने संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेले निवेदन डू बॉइस यांच्याच संपादनाखाली तयार झाले होते.

शांतता चळवळीतील कामामुळे १९५१ मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्यावर परकीय हस्तक असल्याचा खटला भरला. न्यायालयात तो टिकला नाही, तरी १९५८ पर्यंत त्यांना पासपोर्ट मिळाला नाही. १९६१ मध्ये ते घानाला गेले. २७ ऑगस्ट १९६३ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, आक्रा येथे त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चात ही बातमी सांगण्यात आली. अमेरिकन समाजशास्त्र परिषदेने आपल्या मोठ्या पुरस्काराला त्यांचे नाव दिले ते थेट २००६ मध्ये.

आपल्या वस्त्यांचे सर्वेक्षण आजही बहुधा बाहेरचे लोक करतात आणि प्रश्नही तेच ठरवतात. घरात व्यसन आहे का, हे विचारले जाते. घर भाड्याने मागताना जात विचारली का, हे विचारले जात नाही. हा दुसरा प्रश्न आपण विचारायला हवा, उत्तरे लिहून ठेवायला हवीत, मोजायला हवीत. प्रत्येक जिल्ह्यात पाच-दहा शिकलेल्या तरुणांनी एकेक वस्ती हाती घेतली तरी हे काम सुरू होईल. अटलांटातील माहितीही अशाच माजी विद्यार्थ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी गोळा केली होती.