दारोदार : डॉ. पांडुरंग खानखोजे

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयातील वादविवाद स्पर्धेचा विषय होता : परदेशातून आश्रय मागत येणाऱ्यांना देशाने आत घ्यावे काय? मी विरोधी बाजूने बोललो. खरे सांगायचे तर मला तयारी फारशी करावी लागली नाही. आमच्या घरी हा विषय रोज जेवणाबरोबर वाढला जातो. आमची भातशेती नव्या शहरासाठी गेली, भोवती इमारती उठल्या, आणि चार माणसे बसली की आपल्याच गावात आपण उपरे झालो ही एकच गोष्ट फिरून फिरून निघते. तेच मी जरा भारदस्त भाषेत मांडले. टाळ्या पडल्या, दुसरे बक्षीसही मिळाले.

व्यासपीठावरून उतरलो तेव्हा इतिहासाचे सर एवढेच म्हणाले, की बोललास छान, आता खानखोज्यांचे चरित्र वाच. 'एक होता कार्व्हर' लिहिणाऱ्या वीणा गवाणकरांनी ते लिहिले आहे. मला तोवर खानखोजे म्हणजे मेक्सिकोत गेलेले कोणी क्रांतिकारक, याहून अधिक ठाऊक नव्हते.

पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म 1884 सालचा, वर्ध्याचा. त्याच्या एकच वर्ष आधी आपल्या तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके एडनच्या तुरुंगात वारले होते. फडके निजामाच्या मुलुखाच्या बाजूला सरकले, तरी 1879 साली पकडले गेलेच. इंग्रजांच्या सावलीत लपायला जागा नाही, हा धडा पुढच्या पिढीने घेतला असावा. खानखोजे लोकमान्यांना भेटले, आणि तरुणपणीच जपानमार्गे अमेरिकेला पोचले.

मित्रहो, येथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. कारण ते अमेरिकेत गेले त्याच सुमारास, 4 सप्टेंबर 1907 च्या रात्री, वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावात शेकडो गोऱ्या कामगारांच्या जमावाने लाकूडगिरण्यांतील हिंदी मजुरांना खोल्यांतून ओढून काढले आणि गावाबाहेर हाकलले. वर्तमानपत्रांत आणि सभांत वाद पेटला. ही माणसे कमी मजुरीवर राबतात, आमच्या पोटावर पाय देतात, यांच्या चालीरीती आमच्याशी जुळत नाहीत! हे सारे मुद्दे मला तोंडपाठ होते. माझ्याच भाषणातले होते ते. त्या कामगारांची भीती अगदीच खोटी नव्हती, हेही कबूल केले पाहिजे. स्वस्त मजूर गिरणीमालकांना हवेच होते. पण मार बसला तो मालकांना नव्हे.

अशा ठिकाणी खानखोज्यांनी मजुरी केली, ऑरेगॉनमधील शेतकी महाविद्यालयात आणि पुढे वॉशिंग्टन राज्यात शेतीशास्त्र शिकले, आणि पोर्टलंडच्या परिसरातील पंजाबी कामगारांना संघटित केले. 1913 साली गदर पक्ष उभा राहिला त्यात लढाऊ शाखेचे काम त्यांच्याकडे होते. पुढच्याच वर्षी परदेशी नागरिकांविषयीच्या कायद्याचा आधार घेऊन अमेरिकेने लाला हरदयाळांना अटक केली. ते जामिनावर सुटून स्वित्झर्लंडला निघून गेले. त्याच 1914 साली 376 प्रवाशांची कोमागाटा मारू व्हँकूवरच्या बंदरात दोन महिने ताटकळत उभी राहिली आणि बहुतेक सर्वांना घेऊन परत फिरली. 1917 च्या कायद्याने अमेरिकेने हिंदुस्थानसह आशियाचा मोठा भाग सरसकट वगळला. अध्यक्ष विल्सन यांनी नकाराधिकार वापरला होता, तरी काँग्रेसने तो कायदा केलाच.

खानखोजे तोवर तेथून निघून गेले होते. महायुद्धात ते तुर्कस्तानमार्गे इराणात उतरले, लढले, इंग्रजांच्या हाती लागले आणि निसटले. मग बर्लिन, 1921 साली मॉस्को. या काळातील हकीकती वाचताना कादंबरी वाचतो आहोत असे वाटते. मला मात्र त्यानंतरचे पर्व अधिक मोलाचे वाटते.

1924 साली अमेरिकेने आपला कायदा आणखी आवळला, आणि त्याच वर्षी तिच्या दक्षिणेचे एक दार या माणसासाठी उघडले. मेक्सिकोत क्रांतीनंतर जमिनीचे वाटप चालले होते, शेती जाणणारी माणसे हवी होती. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात खानखोजे प्राध्यापक झाले. मका आणि गहू यांच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा त्यांचा स्नेही. मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत त्याने काढलेल्या एका भित्तिचित्रात सर्वांना भाकर वाटणारा माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे, असे सांगतात. 1936 साली जान सिंडिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे याच देशाने ट्रॉट्स्कीला आणि स्पेनमधून पळालेल्या हजारो कुटुंबांनाही जागा दिली. त्यावरूनही तेथे कडाक्याचा वाद झाला होता; सगळेच मेक्सिकन आनंदाने दारात उभे होते असे मुळीच नाही.

आता सर्वांत विलक्षण गोष्ट. 1947 साली देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडले ते झाले. म्हणून खानखोज्यांनी परत येण्याची परवानगी मागितली, तर ती नाकारली गेली! इंग्रजांच्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि ते कोणी खोडलेच नव्हते. राज्य बदलले, कपाटातले कागद तेच राहिले. स्वतःच्या मातीत पाऊल टाकण्यासाठी या माणसाला व्हिसाची याचना करावी लागली. पुढे ती चूक दुरुस्त झाली, ते परत आले, नागपुरात राहिले आणि 22 जानेवारी 1967 रोजी वारले. त्याच्या आदल्याच वर्षी मेक्सिकोतून 18 हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले होते. ते बियाणे खानखोज्यांचे नव्हे, बोरलॉग यांच्या संशोधनाचे होते. पण ज्या देशात या माणसाने गव्हाच्या ओंब्या मोजल्या तेथूनच ते यावे, याची मला गंमत वाटते.

यंदा स्पर्धेला नाव द्यायला सरांनी दोनदा निरोप पाठवला. कोणत्या बाजूने द्यायचे ते माझे अजून ठरलेले नाही. आमची शेते परत मिळालेली नाहीत आणि खानखोजेही डोक्यातून जात नाहीत. एका रात्री जेवताना मी बाबांना ही सारी कथा सांगितली. बेलिंगहॅम, जहाज, काळी यादी, सगळे त्यांनी ऐकून घेतले. मग ताटात हात तसाच ठेवून त्यांनी विचारले, तो मका एकरी किती उतरायचा रे?