प्रपंचात एकचित्त : रोमची संत फ्रान्सिस्का

इटली देशातील रोम नगरीत इ. स. १३८४ साली एका सधन व कुलीन घराण्यात फ्रान्सिस्काचा जन्म झाला. बालपणापासून तिचा ओढा प्रार्थनेकडे असे. मठात प्रवेश करून सर्व आयुष्य प्रभुचरणी वाहावे, अशी तिची मनीषा होती. परंतु पित्याचा बेत निराळा होता. बारा-तेरा वर्षांची होते न होते तोच लोरेन्झो पॉन्झियानी या श्रीमंत तरुणाशी तिचा विवाह झाला, आणि टायबर नदीपलीकडील ट्रास्टेव्हेरे भागातील मोठ्या वाड्यात ती सून म्हणून आली.

ज्या प्रपंचापासून दूर राहावे असे तिला वाटे, तोच आता तिच्या चहूकडे पसरला. सुदैवाने व्हानोझा ही तिची जाऊ तिच्यासारखीच भक्तिशील होती. दोघी जावा मिळून प्रार्थना करीत, गोरगरिबांस अन्न देत व इस्पितळात जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करीत. पुढे सासू निवर्तली, तेव्हा घरचा कारभार व्हानोझाने पाहावा असे फ्रान्सिस्काने विनविले. परंतु वडील मंडळींनी तो तिच्याच हाती दिला. नोकरचाकर, पाहुणे, कोठार, मुलेबाळे या सर्वांचा भार त्या तरुण सुनेवर पडला.

येथेच तिच्या भक्तीची खरी कसोटी लागली. प्रार्थनेस बसावे आणि कोणी हाक मारावी, हे नित्याचेच झाले. तिने मनाशी एक नियम बांधला. प्रार्थनेची वेळ चुकवावयाची नाही. पण पतीने किंवा घरच्यांनी कामासाठी बोलाविले, तर कपाळास आठी न घालता उठावयाचे. वेदीपाशी जो परमेश्वर भेटतो, तोच घरकामातही आपली वाट पाहत असतो, अशी तिची दृढ श्रद्धा होती. एकदा पवित्र मरियेची उपासना म्हणत असता एकाच चरणावर तिला चार वेळा उठावे लागले. चौथ्या वेळी परत येऊन पाहते तो ते चरण सुवर्णाक्षरांनी लिहिलेले आढळले, अशी आख्यायिका आहे. चार वेळा ती उठली, हे आपणांस सहज कळते, कारण आपणही उठतो. चारही वेळा ती त्याच चरणाकडे परतली, हे मात्र आपण विसरतो.

तिची वाट फुलांची नव्हती. नेपल्सचा राजा लाडिस्लाउस याच्या सैन्याने १४०८ साली रोम व्यापले. त्या धामधुमीत लोरेन्झो जबर जखमी झाला, वाडा लुटला गेला व थोरला पुत्र बत्तिस्ता यास ओलीस नेण्यात आले. पुढे धाकटा एव्हान्जेलिस्ता व कन्या आग्नेस ही दोन्ही मुले लहानपणीच मृत्यू पावली. अशा दुःखातही तिने वाड्याचा काही भाग रोग्यांसाठी खुला केला आणि अधू झालेल्या पतीची सेवा कधी टाळली नाही.

१५ ऑगस्ट १४२५ रोजी, स्वर्गोन्नयनाच्या सणी, तिने काही स्त्रियांसह सांता मारिया नोव्हा मंदिरात स्वतःस प्रभूस अर्पण केले. या भगिनी प्रथम आपापल्या घरी राहूनच प्रार्थना व परोपकार करीत. १४३३ साली काही जणींनी टोर दे स्पेकी येथे एकत्र निवास केला. संस्थापिका असूनही फ्रान्सिस्का पतीजवळच राहिली. सुमारे चाळीस वर्षांच्या संसारानंतर १४३६ साली लोरेन्झो वारला, तेव्हाच तिने त्या मठात पाऊल टाकले. मात्र तिचा अंत मठात झाला नाही. आजारी पुत्राच्या समाचारास गेली असता ती स्वतः आजारी पडली आणि ९ मार्च १४४० रोजी त्याच जुन्या वाड्यात तिने देह ठेवला. पोप पाचवे पॉल यांनी १६०८ साली तिला संतपद दिले. तिचा सण ९ मार्च रोजी येतो.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, आपल्या मंदिराच्या या महोत्सवी वर्षी हे चरित्र मुद्दाम सांगितले. पहाटेची गाडी, मुलांची शाळा, वृद्धांची औषधे आणि घडोघडी वाजणारा फोन यांत आपली रोझरी मध्येच थांबते. थांबली म्हणून खंत करीत बसू नये, आणि थांबली म्हणून सोडूनही देऊ नये. हाक आली तर प्रेमाने उठावे; काम संपताच जो मणी हाती होता तोच पुन्हा धरावा. संत फ्रान्सिस्काच्या मध्यस्थीने प्रभू येशू ख्रिस्त आपल्या प्रत्येक घरास ही कृपा देवो. आमेन.