रिकार्डोची विसरलेली अट

खुल्या व्यापाराची बाजू मांडणारा कोणीही अर्थतज्ज्ञ आज ना उद्या डेव्हिड रिकार्डोच्या दाराशी येतोच. मात्र रिकार्डोने आपल्या सिद्धांताला स्वतःच घातलेली एक अट त्याच्या भक्तांना सहसा आठवत नाही.

रिकार्डोचा जन्म १७७२ सालचा, लंडनमधल्या ज्यू कुटुंबातला. घराण्याचे मूळ पोर्तुगालकडचे. वडील हॉलंडमधून येऊन लंडनच्या बाजारात दलाली करीत स्थिरावलेले. चौदाव्या वर्षी मुलगा त्यांच्या हाताखाली कामाला लागला. एकविसाव्या वर्षी त्याने क्वेकर पंथातल्या मुलीशी लग्न केले आणि घराचे दार त्याला बंद झाले. बाजारातली पत तेवढी शाबूत होती. तिच्या बळावर त्याने स्वतंत्र धंदा मांडला. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईच्या तोंडावर त्याने सरकारी कर्जरोखे घेतले. मित्र माल्थससाठीही थोडा हिस्सा राखला. माल्थस धास्तावला आणि त्याने आपला हिस्सा आधीच विकायला लावला. रिकार्डो थांबला. लढाई इंग्लंडच्या बाजूने लागली आणि रोखे वधारले.

अर्थशास्त्राशी त्याची गाठ पडली ती योगायोगाने. १७९९ साली पत्नीच्या प्रकृतीसाठी बाथला मुक्काम असताना अॅडम स्मिथचा ग्रंथ त्याच्या हाती आला. पुढे १८१५ च्या धान्य कायद्याने परदेशी गव्हाला अटकाव झाला. त्यामुळे जमीनदारांचे फावले आणि भाकरी महाग झाली. रिकार्डो तोवर स्वतः मोठा जमीनदार झाला होता, तरी तो या कायद्याच्या विरोधात उभा राहिला.

१८१७ च्या ग्रंथात त्याने ते प्रसिद्ध गणित मांडले. ठरावीक कापड विणायला इंग्लंडला वर्षभर १०० माणसे लागतात, ठरावीक मद्य करायला १२०. पोर्तुगालला त्याच कापडाला ९० आणि मद्याला ८० पुरतात. म्हणजे दोन्हींत पोर्तुगालच सरस. तरीही पोर्तुगालने मद्यच करावे, इंग्लंडने कापडच विणावे आणि देवघेव करावी. दोघांची मिळून ३० माणसांची मेहनत वाचते.

अट इथेच आहे. हे गणित जुळते ते भांडवल आपल्या देशात थांबते म्हणून. ते मोकळेपणी फिरू लागले तर इंग्लंडचे भांडवल पोर्तुगालला जाईल आणि दोन्ही वस्तू तिथेच होतील, हे रिकार्डोने स्पष्ट लिहून ठेवले. मालक परमुलखात पैसा गुंतवायला कचरतात, याचे त्याला समाधानच होते. आज कळ दाबताच पैसा सीमा ओलांडतो. कारखाना उठून गेल्यावर मागे राहिलेल्या कामगाराला हे गणित सांगणारे त्यातली पहिली ओळच गाळतात.

रिकार्डो स्वतः इतका हट्टी नव्हता. यंत्रांनी सर्वांचेच भले होते, हे आपले मत त्याने १८२१ च्या आवृत्तीत जाहीरपणे बदलले. यंत्रांमुळे कामगारांचे नुकसान होऊ शकते, अशी कबुली देणारे नवे प्रकरणच जोडले. १८१९ पासून तो पार्लमेंटातही होता. १८२३ साली कानाच्या दुखण्याने एक्कावन्नाव्या वर्षी तो गेला. धान्य कायदा रद्द झाला तो १८४६ साली.

१८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात न्यायमूर्ती रानडे यांनी इंग्रजी अर्थशास्त्राचे सिद्धांत देशकालाची परिस्थिती पाहूनच लावावेत, असे बजावले होते. रिकार्डोच्या अनुयायांना तो इशारा होता. खुद्द रिकार्डोला तो फारसा परका वाटला नसता.