सापागणिक उतारा शोधणारे डॉक्टर

ब्राझीलमधील कंपान्या या गावी २८ एप्रिल १८६५ रोजी जन्मलेल्या मुलाच्या नावात वडिलांनी गाव, प्रांत आणि देश हे तिन्ही गुंफले : व्हितल ब्राझील मिनेइरो दा कंपान्या. पुढे जगाने त्यांना व्हितल ब्राझील याच नावाने ओळखले.

१८९१ मध्ये रिओ द जानेरो येथे वैद्यकीय पदवी घेतल्यावर काही वर्षांनी ते साओ पाउलो प्रांतातील बोतुकातू येथे रुग्णसेवा करू लागले. तेथील शेतमजुरांना होणारे सर्पदंश त्यांनी जवळून पाहिले. बहुतेक दंश पिट व्हायपर वर्गातील सापांचे असत. डोळा आणि नाकपुडी यांच्यामधील खळगीने भक्ष्याच्या देहाची ऊब ओळखणारे हे साप. त्यांतील जराराका चावला, की अवयव सुजे, रक्त गोठेनासे होऊन हिरड्यांतूनही वाहू लागे, मांस सडे. खुळखुळ्या साप चावल्यास सूज फारशी नसे. पण पापण्या मिटू लागत, स्नायूंचा नाश होऊन लघवी काळपट होई आणि मूत्रपिंडे निकामी होत.

त्या काळी फ्रेंच शास्त्रज्ञ अल्बेर काल्मेत यांनी नागाच्या विषावर सिद्ध केलेले प्रतिविष सर्वच सापांवर चालेल, अशी समजूत होती. व्हितल ब्राझील यांनी ते आपल्या देशातील सापांच्या विषावर तपासले; ते निरुपयोगी ठरले. विष वेगळे, तर उताराही वेगळा, हे त्यांनी प्रयोगांनी सिद्ध केले.

१८९९ मध्ये सान्तोस बंदरात प्लेगची साथ आली. तिच्या तपासासाठी गेले असता त्यांना स्वतःलाच प्लेग झाला. त्यातून ते वाचले. प्लेगवरील औषधासाठी साओ पाउलोजवळील बुतांतान येथे स्थापन झालेल्या संस्थेची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेथेच १९०१ मध्ये, घोड्यांना विषाच्या वाढत्या मात्रा टोचून, जराराका आणि खुळखुळ्या यांच्यावर निरनिराळी प्रतिविषे तयार झाली.

विषासाठी साप हवे होते आणि औषध खेड्यांत पोहोचायला हवे होते. त्यांनी दोन्ही गरजांची सांगड घातली. शेतकरी जिवंत साप पेटीतून रेल्वेने पाठवीत आणि बदल्यात त्यांना प्रतिविष मिळे. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका रक्षकाला खुळखुळ्या साप चावला, तेव्हा अमेरिकेत असलेल्या व्हितल ब्राझील यांनी सोबत नेलेल्या प्रतिविषाने त्याचे प्राण वाचले. १९१९ मध्ये त्यांनी नितेरॉय येथे दुसरी संस्था उभारली. ८ मे १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांचा सिद्धान्त सह्याद्रीतही तितकाच लागू आहे. भारतीय प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते. गोव्याच्या रानांत आढळणाऱ्या चापड्याचे विष त्यात नसते. म्हणून अशा दंशात रुग्णाला न हलवता, जखम न कापता, तातडीने रुग्णालयात नेणे, रक्त गोठते की नाही हे पुनःपुन्हा तपासणे आणि मूत्रपिंडे जपणे, यांवरच उपचारांची भिस्त असते.