मोगलीचा जन्मदाता : रुडयार्ड किपलिंग

मोगलीचा सिनेमा बहुतेक मुलांनी पाहिलेला असतो. पण तो लिहिणारा माणूस मुंबईत जन्मला, हे मुलांना सांगायला हवं.

रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा. वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. घरातली आया आणि नोकर यांच्या गोष्टी ऐकत वाढलेला रुडयार्ड हिंदुस्थानीतच बोलायचा. आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोल, असं त्याला बजावावं लागे.

१८७१ साली, सहा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी इथं परक्या घरी ठेवून आईवडील भारतात परतले. साहेब लोकांत तेव्हा तशी रीतच होती म्हणा! त्या घरातली बाई त्याला मारायची, खोटारडा ठरवायची. त्याची नजर अधू होत गेली, तेही बरेच दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. आई आली ती थेट १८७७ मध्ये.

पुढे भारतात पत्रकारी करून ते अमेरिकेत राहिले. तिथंच मध्य प्रदेशातल्या शिवनीच्या जंगलाची गोष्ट लिहिली. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आलं. १९०७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. साम्राज्याचा त्यांना अभिमान होता, हेही मुलांपासून लपवू नये. १८ जानेवारी १९३६ रोजी ते गेले.

डिस्नेच्या १९६७ च्या सिनेमात मोगली हसतखेळत गावात जातो. पुस्तकात मात्र लांडग्यांचा कळप त्याला नाकारतो आणि गावकरीही दगड मारून हाकलतात. मला तिथं साउथसीचा तो पोरगा दिसतो.