शिल्पकार करमरकर

विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 साली अलिबागजवळच्या सासवने गावी झाला. घरात मातीच्या मूर्ती घडवीत, तिथंच पोराचा हात वळला. गावच्या देवळाच्या भिंतीवर त्यानं शिवाजी महाराजांचं चित्र काढलं. ते कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या नजरेस पडलं आणि त्यांच्या मदतीनं हा खेड्यातला पोरगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढं विलायतेलाही शिकून आला.

राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकारानं पुण्यात शिवस्मारक व्हायचं ठरलं. 1922 साली शाहू महाराज गेले, पण काम थांबलं नाही. घोड्यावरचा तो भव्य ब्राँझचा पुतळा करमरकरांनी घडवला. 1928 साली त्याचं अनावरण झालं.

बंधू-भगिनींनो, ब्राँझचं काम सोपं नाही. आधी माती, मग प्लास्टरचा साचा, शेवटी धातूचा तापलेला रस. ओतताना हयगय झाली की महिन्यांची मेहनत वाया. भट्टीपुढं राबणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

करमरकरांनी फक्त थोरामोठ्यांचेच पुतळे केले नाहीत. कोळीण, म्हैस, असं गावातलं जगणंही त्यांनी साध्या सिमेंटमध्ये उभं केलं. 1967 साली ते गेले. सासवन्याला त्यांच्या घरी शिल्पालय आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

आणि घरी पोरानं भिंतीवर रेघोट्या मारल्या, तर हात उगारण्याआधी एकदा नीट बघा. रॉथफिल्डनं तेवढंच केलं होतं.